शेजारच्या एलिमेंटचा पत्ता

या वेळच्या पत्रांत जेक्वेरीचे, म्हणजे पानावरचे टॅग पकडून हलवायला मदत करणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे, प्रश्न जास्त आहेत, आणि त्यातले बरेचसे एकाच जागी अडलेत. ज्या बटणावर क्लिक झालं त्याच्या शेजारचं काहीतरी पकडायचं असतं आणि ते हाती लागत नाही. म्हणून हे सदर या खेपेला त्यालाच दिलंय. कोडमधली नावं नेहमीप्रमाणे देवनागरीत छापली आहेत, तुमच्या फाइलमध्ये ती रोमन लिपीतच लिहायची. क्लासची नावं मात्र मी खरोखरच मराठी ठेवते. क्लासला देवनागरी नाव चालतं, सिलेक्टरही (काय निवडायचं ते सांगणारी खूण) ते ओळखतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली असली म्हणजे झालं.

ताई, मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या मुलांसाठी सरावप्रश्नांचं एक पान केलं आहे. प्रत्येक प्रश्नाखाली ‘उत्तर पाहा’ हे बटण आणि त्याखाली लपवलेलं उत्तर. क्लिक झालं की $(धिस).नेक्स्ट('.उत्तर').टॉगल() चालतं. सगळं छान होतं. मग काही अवघड प्रश्नांना मी बटणाखाली एकेक इशारा जोडला, आणि नेमकी त्याच प्रश्नांची उत्तरं उघडेनाशी झाली. कन्सोलमध्ये चूकही दिसत नाही. — एक शिक्षक, सातारा

सर, नेक्स्टला कंसात दिलेला सिलेक्टर शोध घेत नाही, तो फक्त अट घालतो. ‘पुढे जात राहा आणि .उत्तर सापडलं की थांब’ असं तुम्ही सांगितलंय असं वाचताना वाटतं. जेक्वेरी मात्र लगेच पुढचा एकच एलिमेंट, म्हणजे पानातला टॅग, बघते. तो .उत्तर असेल तर तो देते, नसेल तर काहीच देत नाही. तुमच्या पानावर आता बटणाच्या लगेच पुढे इशारा आहे. अट जुळत नाही, हाती रिकामा संच येतो.

रिकाम्या संचावर टॉगल (दाखवा-लपवा) चालवलं तर जेक्वेरी तक्रार करत नाही. शंभर एलिमेंट असोत, एक असो वा शून्य, संचातल्या प्रत्येकावर काम करायचं अशी तिची रचनाच आहे. शून्यावर काम करणं तिच्या हिशेबी चूक नाही. म्हणून कन्सोल गप्प राहिला. असं काही अडलं की सगळ्यात आधी त्या संचाची लेंग्थ, म्हणजे त्यात किती एलिमेंट आहेत ते, कन्सोलवर छापून बघायची. शून्य आलं तर टॉगलमध्ये दोष नाही, निवडीत आहे. माझ्या वर्गात नव्याने आलेल्या मुलांना मी हे पहिल्याच आठवड्यात करायला लावते. नाहीतर ती तासन्‌तास सीएसएसच्या डिस्प्लेशी झगडत बसतात.

आता उपाय. पहिला सुचतो तो नेक्स्ट-ऑल('.उत्तर').फर्स्ट(). नेक्स्ट-ऑल पुढची सगळी भावंडं, म्हणजे त्याच बाहेरच्या टॅगच्या पोटातले पुढचे एलिमेंट, गोळा करतं, त्यातली .उत्तर असलेली ठेवतं आणि फर्स्ट त्यातलं सर्वांत जवळचं देतं. तुमची अडचण यानं आज सुटेल. पण एखाद्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं राहून गेलं असेल तर? चौथ्या प्रश्नाखाली उत्तर नाही आणि मुलानं बटण दाबलं, तर नेक्स्ट-ऑल थेट पाचव्या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत पोचेल आणि चौथ्याच्या बटणानं ते उघडेल. परीक्षेच्या तयारीत असलेल्या मुलासमोर चुकीचं उत्तर बरोबर म्हणून उघडणं हे काहीच न उघडण्यापेक्षा फार वाईट. म्हणून तुमच्यासारख्या पानावर मी हा उपाय वापरायला सांगणार नाही.

नेक्स्ट-अंटिल त्याहून बरं. नेक्स्ट-अंटिल('.प्रश्न', '.उत्तर') असं लिहिलं की पुढचा .प्रश्न येईपर्यंतचीच भावंडं घेतली जातात आणि त्यातली .उत्तर तेवढी ठेवली जातात. ज्याच्यापाशी थांबायचं तो प्रश्न स्वतः संचात येत नाही. उत्तर नसलंच तर रिकामा संच येतो, दुसऱ्याचं उत्तर उघडत नाही.

पण तुमच्या जागी मी असते तर पानाची मांडणीच बदलली असती. प्रत्येक प्रश्न, त्याचं बटण, इशारा आणि उत्तर असं सगळं एका डिव्हमध्ये ठेवा, त्याला .संच असा क्लास द्या, आणि क्लिकवर लिहा: $(धिस).क्लोझेस्ट('.संच').फाइंड('.उत्तर').टॉगल(). क्लोझेस्ट बटणापासून वर चढत जातं आणि पहिला .संच मिळाला की थांबतं. तिथून फाइंड खाली उतरून उत्तर शोधतं. मग मध्ये इशारा आला, आकृती आली, उत्तर बटणाच्या वर गेलं, तरी कोडला हात लावावा लागत नाही. शाळेचं पान पुढे दुसरे कोणीतरी शिक्षक सांभाळतील. त्यांना जावास्क्रिप्ट येत असेलच असं नाही, आणि मजकुराची जागा बदलल्याबद्दल त्यांना पान मोडण्याची शिक्षा मिळू नये. म्हणून ‘लगेच पुढचा’ यावर उभं राहिलेलं कोड मला आवडत नाही.

पत्रासोबत तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. दोन ठिकाणी इशारा पी टॅगमध्ये आहे आणि त्या पीच्या आत यूएलची यादी आहे. एचटीएमएलच्या नियमानुसार पीच्या पोटात यादी बसत नाही. यूएल दिसताच ब्राउझर पी तिथेच बंद करतो. यादी बाहेर येऊन पीची भावंड होते, आणि शेवटी तुम्ही लिहिलेल्या बंद करणाऱ्या टॅगपासून आणखी एक रिकामा पी तयार होतो. फाइलमध्ये जिथे एक एलिमेंट दिसतो तिथे ब्राउझरच्या झाडात, म्हणजे पान वाचून तो टॅगची जी मांडणी रचतो तिच्यात, तीन उभे असतात. तेव्हा भावंडं मोजायची ती ‘इन्स्पेक्ट’ उघडून एलिमेंट्सच्या पॅनेलमध्ये. लिहिलेली फाइल वाचून मोजू नका. ‘व्ह्यू सोर्स’ही उपयोगाचं नाही, ते सर्व्हरकडून आलेला मूळ मजकूर दाखवतं.

आणि सर, फक्त दाखवा-लपवा एवढंच हवं असेल तर एचटीएमएलमध्येच डीटेल्स आणि समरी हे टॅग आहेत. समरीत ‘उत्तर पाहा’, बाकीचं डीटेल्समध्ये. एक ओळही स्क्रिप्ट लागत नाही, कीबोर्डवरून चालतं, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या मुलाला ते उघडं आहे की मिटलेलं हे ऐकू येतं. बटणच ठेवणार असाल तर त्यावर एरिया-एक्सपांडेड ही अॅट्रिब्यूट टाका आणि प्रत्येक क्लिकला तिची किंमत ट्रू-फॉल्स अशी बदला. तुमच्या वर्गात आज असा विद्यार्थी नसेल, पण पान वेबवर आहे.

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पुस्तकांची यादी एका टेबलात आहे. विषयाची एक ओळ, तिच्याखाली त्या विषयाची पुस्तकं, मग पुढचा विषय. विषयावर क्लिक केलं की तेवढ्याच ओळी मिटाव्यात असं करायचं आहे. नेक्स्ट-ऑलने खालची सगळीच यादी मिटते. शिवाय विषयाच्या ओळीत बटण टाकलं तर काहीच होत नाही. — ग्रंथपाल, रत्नागिरी

वाचनालयाचं टेबल माझ्या जिव्हाळ्याचं. कोल्हापुरातल्या एका वाचनालयाची यादी मीच सांभाळते, म्हणून याचं उत्तर थोडं सविस्तर देते.

पहिल्या भागाला नेक्स्ट-अंटिलच हवं: $(धिस).नेक्स्ट-अंटिल('.विषय').टॉगल(). ही पद्धत जेक्वेरी १.४ मध्ये, म्हणजे जानेवारी २०१० मध्ये आली. त्याआधीचं कोड कुठून उतरवून घेतलंत तर त्यात ओळी एकेक करून तपासणारी लांबलचक फेरी दिसेल, ती आता लागत नाही. शेवटच्या विषयाचं काय, ही शंकाही नको. पुढे .विषय सापडलाच नाही तर भावंडं संपेपर्यंत ती जाते. टॉगलच्या जागी स्लाइड-टॉगल मात्र वापरू नका. टेबलाच्या ओळीची उंची हळूहळू कमी करता येत नाही, ओळी धक्का बसल्यासारख्या नाहीशा होतात.

बटणाचं कारण वेगळं. क्लिक बटणावर बसवलंत, म्हणजे ‘धिस’ हे आता बटण आहे. बटण टीएचच्या आत, टीएच टीआरच्या आत. पुस्तकांच्या ओळी टीआरची भावंडं आहेत, बटणाची नाहीत. जेक्वेरीला एका आईबापाची सख्खीच भावंडं कळतात. चुलत भावंडाकडे जायचं तर आधी वर जावं लागतं. म्हणून: $(धिस).क्लोझेस्ट('टीआर').नेक्स्ट-अंटिल('.विषय').टॉगल(). पडद्यावर बटणाखाली लगेच पुस्तक दिसतं, पण पडद्यावरची जवळीक वेगळी आणि झाडातलं नातं वेगळं. या सदरात आलेल्या बहुतेक पत्रांचं मूळ इथेच आहे. काही पकडण्याआधी ‘या दोघांचा पॅरेंट एकच आहे का?’ एवढं विचारलं तरी अर्धी अडचण सुटते.

टेबलात ही गोष्ट आणखी अवघड होते, कारण ब्राउझर तिथे स्वतःहून भर घालतो. तुम्ही टेबलाच्या आत सरळ टीआर लिहिलेत तरी तो सगळ्या ओळींभोवती एक टीबॉडी घालतो. म्हणून ‘टेबल > टीआर’ हा सिलेक्टर एरवी बरोबर दिसत असूनही शून्य ओळी आणतो. एचटीएमएल फाइलमध्ये टीबॉडी नसला तरी पानात असतो.

माझ्या यादीत मी याच टीबॉडीचा उपयोग करून घेतलाय. एका टेबलात हवे तितके टीबॉडी चालतात. प्रत्येक विषयाला एक टीबॉडी द्यायचा: पहिली ओळ विषयाची, बाकीच्या पुस्तकांच्या. विषयाच्या टीएचवर कोलस्पॅन लावून तो सगळ्या रकान्यांवर पसरायचा आणि स्कोपला ‘रोग्रूप’ ही किंमत द्यायची, म्हणजे ऐकून वाचणाऱ्याला प्रत्येक पुस्तक कुठल्या विषयातलं ते कळतं. मग क्लिकवर $(धिस).क्लोझेस्ट('टीआर').सिब्लिंग्ज().टॉगल() एवढं पुरतं. त्या टीबॉडीतल्या बाकीच्या सगळ्या ओळी मिटतात, पुढच्या विषयाला धक्का लागत नाही, कुठे थांबायचं हे सांगावंच लागत नाही. पण एक काळजी घ्या. असे टीबॉडी केलेत आणि जुनं नेक्स्ट-अंटिल तसंच ठेवलंत, तर ते टीबॉडीच्या सीमेवर थांबेल. पुढच्या टीबॉडीतल्या ओळी त्याला दिसतच नाहीत.

यादी पाचसहाशे पुस्तकांवर गेली असेल आणि नवी पुस्तकं पान उघडल्यावर सर्व्हरवरून येऊन जोडली जात असतील, तर प्रत्येक बटणावर वेगळा क्लिक बसवू नका. टेबलावर एकदाच बसवा: $('.यादी').ऑन('क्लिक', '.मिटवा', …). ऑनची ही पद्धत १.७ पासून आहे. नंतर आलेल्या विषयांनाही ती लागू होते, आणि आत ‘धिस’ टेबल नसतं, ज्या बटणावर बोट पडलं तेच असतं.

टॅबचा मेनू करतोय. क्लिक झालेल्या टॅबला ‘चालू’ क्लास द्यायचा आणि बाकीच्यांचा काढायचा. सिब्लिंग्जमध्ये तो स्वतः येत नाही असं वाचलं होतं, पण माझ्याकडे सगळ्यांचाच क्लास जातो. — एक विद्यार्थी, पुणे

तुम्ही $('.टॅब').सिब्लिंग्ज() लिहिलंय. .टॅब म्हणजे सगळेच टॅब. पहिल्याची भावंडं दुसरा, तिसरा. दुसऱ्याची भावंडं पहिला, तिसरा. सगळ्यांची बेरीज केली की सगळेच आत येतात. सिब्लिंग्ज प्रत्येकाला त्याच्यापुरतं वगळतं, दुसऱ्याच्या खात्यातून तो परत येतोच. सुरुवात एकापासून करा: $(धिस).अॅडक्लास('चालू').सिब्लिंग्ज().रिमूव्हक्लास('चालू').

हेही चाललं नाही तर तुमचं फंक्शन बाणाचं आहे का बघा. बाणाच्या फंक्शनला स्वतःचं ‘धिस’ नसतं, जेक्वेरी त्यात एलिमेंट भरू शकत नाही. साधं फंक्शन लिहा किंवा इव्हेंटमधलं करंट-टार्गेट घ्या.

आमच्या नाट्यमंडळाची साइट वर्डप्रेसवर आहे. जुन्या थीममध्ये कलाकाराच्या नावापुढच्या बटणावर क्लिक केलं की माहिती उघडायची. अपडेटनंतर ‘अँडसेल्फ इज नॉट अ फंक्शन’ अशी चूक येते. ती ओळ काढून मी नवं लिहिलं, तर आता नेक्स्ट काहीच देत नाही. तेच कोड साध्या एचटीएमएल फाइलमध्ये चालतं! — कार्यवाह, पणजी

दोन वेगळी दुखणी आहेत. अँडसेल्फ म्हणजे ‘सापडलेल्यांत मूळ एलिमेंटही धर’. जेक्वेरी १.८ मध्ये त्याच्या जागी अॅडबॅक आलं आणि २०१६ च्या ३.० मध्ये अँडसेल्फ काढूनच टाकलं. वर्डप्रेस मात्र बरीच वर्षं १.१२.४ वर होतं. डिसेंबर २०२० च्या ५.६ आवृत्तीत ते ३.५.१ वर गेलं, आणि जुन्या थीममधली अशी नावं उघडी पडली. तुम्ही काढलेली ओळ परत आणा आणि तिथे अॅडबॅक लिहा, अर्थ तोच राहतो.

दुसरं दुखणं वर्डप्रेसच्या सवयीचं. जुन्या एडिटरमध्ये लिहिलेल्या मजकुरात तुम्ही एंटर दाबलं की छापताना तिथे बीआर येतो, आणि एक ओळ रिकामी सोडली की नवा पी सुरू होतो. तुमच्याकडे बटण, एंटर, मग माहितीचा स्पॅन असा क्रम आहे. म्हणजे पानात बटणाच्या पुढे बीआर उभा आहे. ओळींमधली मोकळी जागा आणि नुसता मजकूर जेक्वेरीचं नेक्स्ट सोडून देतं, पण बीआर हा एलिमेंट आहे, तो नाही सोडता येत. जिथे रिकामी ओळ सुटलीय तिथे तर बटण एका पीमध्ये आणि माहिती दुसऱ्यात, म्हणजे ती भावंडंच उरली नाहीत. वरच्या सातारच्या सरांना सांगितलेलाच मार्ग घ्या: प्रत्येक कलाकाराभोवती एक डिव्ह, आणि क्लोझेस्ट करून फाइंड. नव्या एडिटरमध्ये हा भाग ‘कस्टम एचटीएमएल’च्या ब्लॉकमध्ये ठेवलात तर वर्डप्रेस त्यात बीआर घालत नाही.

डॉलरचं चिन्ह वर्डप्रेसमध्ये थेट चालत नाही हेही लक्षात ठेवा. ते इतर लायब्रऱ्यांसाठी मोकळं सोडलेलं असतं. पूर्ण नाव ‘जेक्वेरी’ लिहून त्याच्या कंसात एक फंक्शन द्यायचं, त्या फंक्शनच्या पॅरामीटरला $ हे नाव द्यायचं, मग आत निर्धास्त वापरायचं.

नवीन प्रोजेक्टसाठी जेक्वेरी शिकावी का? आणि सीएसएसमध्ये मागचा शेजारी पकडता येत नाही हे खरं का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी आणली तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा निराळी होती. नेक्स्ट-सिब्लिंग विचारलं तर एकाकडून टॅगच्या मधली रिकामी जागाच मिळायची, दुसऱ्याकडून पुढचा टॅग. त्या काळात एका शब्दात सगळीकडे सारखं उत्तर मिळणं ही फार मोठी सोय होती. ती कृतज्ञता मला आजही वाटते, कारण माझ्यासारख्या इंजिनिअरिंग न शिकलेल्या कितीतरी जणांना तिनं वेबच्या कामात उभं केलं.

आज ब्राउझरकडे स्वतःचं नेक्स्ट-एलिमेंट-सिब्लिंग आहे, प्रीव्हियस-एलिमेंट-सिब्लिंग आहे, क्लोझेस्टही आहे. नवं, लहान काम असेल तर त्यांच्यावरच करा. फक्त ती एकावेळी एकच एलिमेंट देतात आणि नसेल तर नल, म्हणजे ‘काहीच नाही’, देतात. त्यावर पुढे काही चालवलंत तर जेक्वेरीसारखं गप्प न बसता चूक फेकतात. मला ते शिकणाऱ्याच्या दृष्टीनं चांगलंच वाटतं. नेक्स्ट-अंटिलला मात्र तयार पर्याय नाही, फेरी स्वतः लिहावी लागते. आणि नोकरीत जुनी साइट सांभाळायची वेळ आली तर जेक्वेरी वाचता यायलाच हवी. ती टाळता येणार नाही.

मागच्या शेजाऱ्याचं म्हणाल तर सीएसएसमधलं अधिकचिन्ह लगेच पुढचा पकडतं आणि ~ पुढची सगळी भावंडं. दोन्ही पुढेच बघतात. जेक्वेरीत प्रीव्ह आणि प्रीव्ह-ऑल होतं. तिथे लक्षात ठेवायचं एवढंच की प्रीव्ह-ऑल सर्वांत जवळच्यापासून उलट मोजतं, म्हणून मागचा जवळचा मथळा हवा असेल तर प्रीव्ह-ऑल('.मथळा').फर्स्ट(), लास्ट नव्हे. सीएसएसला ही सोय :हॅजमुळे मिळाली. सफारीत मार्च २०२२ ला, क्रोममध्ये त्याच वर्षी ऑगस्टला, आणि फायरफॉक्समध्ये डिसेंबर २०२३ ला ते आलं. लेबल:हॅज(+ इनपुट:इनव्हॅलिड) असं लिहिलं की चुकीचं भरलेल्या रकान्याच्या आधीचं लेबल लाल करता येतं, एकही ओळ जावास्क्रिप्ट न लिहिता. फक्त लेबल आणि इनपुट एकाच पॅरेंटमध्ये, लागोपाठ असू द्या.